पास्कूच्या शर्टाची कवंदी

दुल्सिनची कवंदी पोटापाशी येऊन अडली होती. सिद्द्यांच्या बायका जुन्या कपड्यांची ही गोधडी कडेपासून शिवायला घेतात आणि फेरे घालत मध्यावर येतात. मधल्या त्या शेवटच्या जागेला पोट म्हणायचं. तिथे चिमूटभर तांदूळ ठेवून वरून तुकडा शिवला, की कवंदीही उपाशी नाही आणि तिच्यावर निजणारंही नाही. एकदा बंद केलेलं पोट मात्र पुन्हा उसवायचं नाही. जेवत्या माणसाला ताटावरून उठवल्यासारखं होतं ते.

आणि हे पोट उघडं का, तर दिराचा हट्ट! दुल्सिनची लेक फिलू बाळंतपणाला आली होती, दिवस भरले होते. दुल्सिनचा नवरा पास्कू गेल्या पावसाळ्यात गेला. नातवाचं तोंड त्याला दिसलं नाही, निदान नातवाने आजोबाच्या छातीवर निजावं, एवढीच दुल्सिनची इच्छा. त्यासाठी तिला त्याच्या तांबड्या चौकड्यांच्या शर्टाचा खिशाकडचा तुकडा हवा होता. बाकीचे कपडे रीतीप्रमाणे वाटले गेले आणि नेमका तो शर्ट धाकट्या दिराने, बावतीसने, उचलला.

बावतीस अंगणापलीकडे म्हाताऱ्या आईला घेऊन राहायचा. दुल्सिनने शर्ट मागितला, विनवणी केली, बदल्यात नवा देते म्हणाली. एवढं मोठं पोट घेऊन फिलूही जाऊन आली. प्रत्येक वेळी एकच, "बघू, वहिनी." बरं, शर्टावाचून अडलंय म्हणावं, तर तेही नाही. दिवसभर बनियनवर सुपारीच्या बागेत राबणार आणि दिवेलागणीला तो शर्ट चढवून नवरदेवासारखा घरात बसणार. आता याला काय म्हणायचं? तेव्हापासून दुल्सिनने त्याच्या घरची पायरी चढणं सोडलं. शेजारची लुर्दिन म्हणाली, लाव दुसरं कसलंही फडकं आणि मोकळी हो. दुल्सिन तिच्याशीही दोन दिवस बोलली नाही.

त्या दिवशी सकाळी फिलूची कंबर धरली आणि दुल्सिनचा धीर सुटला. पलीकडे दोरीवर शर्ट वाळत होता. तिने तो ओढला, घरात आणून कात्री चालवली. खिशातच तांदूळ घातले, खिशाचं तोंड शिवलं आणि तुकडा पोटावर बसवून टाका मारला. उरली ती चार कोपऱ्यांवर चिंध्यांच्या घड्या घालून शिवायची फुलं; त्यांच्यावाचून कवंदी नागडी म्हणतात. फिलूच्या कळा मधेच थांबल्या, पण कवंदी तर झाली.

संध्याकाळी बावतीस अंगण ओलांडून आला. दुल्सिन भांडायला कंबर कसून उभी होती. त्याने कवंदीकडे पाहिलं आणि तो पायरीवरच बसला.

"वहिनी, आता मांय जेवायची नाही."

मग एकेक बाहेर आलं. म्हातारीची नजर गेलेली. पास्कू गेल्याचं सांगितलं की नव्याने रडायची आणि पुन्हा विसरायची. पास्कू आल्याशिवाय ताटाला हात लावायची नाही. म्हणून बावतीस तो शर्ट घालून शेजारी बसायचा, ती खिसा चाचपायची आणि मग घास घ्यायची.

"मग तोंड शिवलं होतं का तुमचं? सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? मेलेला भाऊ होऊन आईला फसवतो, हे?"

दुल्सिनला इतका संताप आला, की कोणावर काढावा तेच कळेना. दिरावर, म्हातारीवर, की असा अवेळी निघून गेलेल्या पास्कूवर? तिने कवंदी उचलली आणि तरातरा पलीकडे गेली.

म्हातारी ताटापुढे हात आखडून बसली होती. दुल्सिनने कवंदी तिच्या मांडीवर टाकली. म्हातारीची बोटं तुकड्यांवरून फिरत मध्यावर आली, खिशाशी थांबली. आतले दाणे तिने दाबून पाहिले.

"मेल्या, खिशात तांदूळ घेऊन हिंडतोस? बस, आधी जेव."

आणि ती जेवू लागली. डावा हात काही खिशावरून निघेना. ही कवंदी आता या घरातून परत यायची नाही, हे दुल्सिनला तेव्हाच कळलं. इतक्या महिन्यांची शिवण, एवढी भांडणं, आणि शेवटी हे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच.

म्हातारीचं बोट कोपऱ्याला लागलं. "फुलं कुठायत? अशी नागडी कोणी आणून टाकली?"

"मी, मांय."

"तुला कधी धड जमलंच नाही."

दुल्सिनने चोळीला टोचलेली सुई काढली आणि सासूच्या मांडीवरच पहिलं फूल शिवायला घेतलं. न शिवून सांगते कोणाला? चार टाके पडले असतील नसतील, तोच अंगणापलीकडून फिलूची हाक आली. या वेळची हाक वेगळी होती.

"पास्कू," घास तोंडात धरूनच म्हातारी खिशाला म्हणाली, "जा, बघ रे, पोर बोलावतेय."

"जाते, मांय," दुल्सिन म्हणाली. सुई तशीच कोपऱ्यात टोचून ती रिकाम्या हातांनी उठली.