तळघरावरचा संसार

आमचे हे खोटं बोलत नाहीत. लोक म्हणतात, काय नशीबवान बाई आहे! म्हणावं, आठ दिवस येऊन राहा आणि मग बोला. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता, मी छान नटूनथटून विचारलं, "कशी दिसते?" तर म्हणाले, "बरी दिसतेस. हा रंग तुझ्या बहिणीला जास्त शोभला असता." आता बोला! भाजीत मीठ अर्धी चिमूट जास्त पडलं तर सांगणार, कमी पडलं तर तेही सांगणार. जिभेला हाड नसतं म्हणतात. यांच्या जिभेला आहे, मी शपथेवर सांगते. आणि त्याच जिभेवर आमचं घर चाललं.

यांचं काम पोर्ट चाखण्याचं. पोर्ट म्हणजे गोड, कडक, लाल वाइन. दर वर्षीची काही जपून ठेवण्यासारखी नसते. दहा वर्षांत दोन-तीनदा द्राक्ष असं येतं, की त्याची वाइन वीस-तीस वर्षं मुरवावी. तिला व्हिंटेज म्हणतात. ती दोन वर्षं लाकडी पिंपात राहते, मग बाटल्या भरून तळघरात आडव्या ठेवतात. प्रत्येक बाटलीच्या वरच्या अंगाला चुन्याचा एक फटकारा मारलेला असतो, म्हणजे कधी हलवावी लागली तर पुन्हा तीच बाजू वर येते आणि खाली बसलेला गाळ ढवळला जात नाही. तिथे अंधार, गारठा आणि ओल. बाटल्यांना तेच मानवतं. त्यांच्या डोक्यावर आमचं बिऱ्हाड.

कुठलं वर्ष जपून ठेवायचं ते चाखणारा ठरवतो. पूर्वी म्हणे चाखणारे बेधडक वर्ष निवडून मोकळे व्हायचे, आणि वीस वर्षांनी निस्तरायला भलताच माणूस. म्हणून थोरल्या मालकांच्या आजोबांनी नियम केला: ज्यानं वर्ष निवडलं त्यानंच ते तयार झाल्याचं सांगायचं. त्याची सही होईपर्यंत एकही बाटली विकायची नाही, आणि त्यानं तळघर सोडायचं नाही. मधेच गेला तर हात हलवत जायचं. ना निवृत्तिवेतन, ना शेवटचं राहायला घर, काही काही नाही.

हे छत्तिसाव्या वर्षी चाखणारे झाले आणि पहिल्याच खेपेला वर्ष निवडलं. घरी आले ते पाय जमिनीवर नव्हते. म्हणाले, "पंधरा-सोळा वर्षांत होईल तयार." मी तेव्हा एकतीस वर्षांची. म्हटलं, सत्तेचाळिसाव्या वर्षी मोकळी होईन, तोवर लेकीचंही शिक्षण होईल, वाईट काय आहे? करारावर साक्षीदार म्हणून माझीच सही आहे. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो इतक्या सुवाच्य अक्षरात.

तर त्या घरात काय काय चालत नाही ते ऐका. लसूण नाही, कांदा नाही, तळण नाही, कारण वास कपड्यांना लागतो आणि कपडे तळघरात जातात. अत्तर नाही. सुवासिक साबण नाही. फुलं आणायची तर बिनवासाची. दक्षिणेच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या, कारण भिंत तापली की खाली गारवा मोडतो. उत्तरेला खिडकीच नव्हती. जड पावलांनी चालायचं नाही, दार आपटायचं नाही, शिवणाचं मशीन ठेवायचं नाही, खाली बाटल्यांना हादरा बसतो. आमची लेक लहानपणापासून चवड्यांवर चालायची. टाचा टेकून चालायला ती लग्नानंतर शिकली. तिच्या सासूबाईंना वाटलं, सुनेच्या पायात काही दोष आहे!

आणि नातेवाईक? त्यांना वाटायचं जावई पितात. कुठल्याही समारंभाला गेलं की कोणीतरी डोळा मारून विचारणार, "काय, आज घेतली नाही वाटतं?" अहो, या माणसानं उभ्या जन्मात पोर्टचा घोट गिळला नाही. चाखायचं, तोंडात घोळवायचं आणि भुसा घातलेल्या जस्ताच्या भांड्यात थुंकायचं. पोटात गेली की जीभ खोटं बोलायला लागते, म्हणतात.

पंधरा वर्षं झाली तेव्हा पहिली बाटली उघडली. दर वर्षी थंडी सरता सरता एक दिवस ठरलेला. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवतात. सकाळी दहा वाजता, पोटात काही नसताना, हे बूच काढतात. बाटलीच्या मानेखाली दिवा धरून अगदी सावकाश सुरईत ओततात, आणि गाळाची पहिली रेघ मानेशी आली की थांबतात. मग पेला पांढऱ्या कागदावर धरून रंग बघायचा, वास घ्यायचा, चाखायचं, थुंकायचं. मालक समोर बसलेले, कागद टेबलावर, पेनाचं टोपण काढलेलं. त्या वर्षी मी वर सामान बांधायलाच घेतलं होतं. हे जिना चढून आले, कोट काढला आणि म्हणाले, "अजून नाही."

पुढच्या वर्षी, अजून नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, अजून नाही. यांच्यानंतर दुसऱ्या एकानं दुसरं एक वर्ष निवडलं, ते तयार झालं, विकलं गेलं, तो माणूस नातवंडांत जाऊन बसलासुद्धा. आमची बया काही पिकेना! मी चिडायची, रडायची, दोन-दोन दिवस बोलायची नाही. हे तोंडात मूग धरून बसायचे. एकदा म्हटलं, "अहो, एक शब्द आहे. 'झाली' म्हणा. कोण तुमच्या तोंडात डोकावून बघणार आहे?" तर म्हणाले, "अगं, पण झाली नाहीये ना." यावर काय बोलणार, कपाळ?

उघडलेल्या बाटलीतली उरलेली पोर्ट घरी यायची. हे तिला हात लावायचे नाहीत. मी मात्र रागारागानं दोन-तीन दिवस जेवणानंतर घोट-घोट घ्यायची. म्हटलं, जिच्यामुळे मी अडकले ती सवत आहे तरी कशी! पहिल्या वर्षी घशाला आग लागली. मग हळूहळू मला कळायला लागलं, गेल्या वर्षीपेक्षा काय निवळलं, काय अजून अडून बसलंय. यांना मी कधी बोलले नाही. कशाला बोलू? उगाच खूश झाले असते.

थोरले मालक गेले. धाकटे मालक, म्हणजे त्यांचा मुलगा, यांना काका म्हणतात, मला काकू. लहानपणी आमच्या मांडीवर खेळलेला माणूस. एकदा मी त्यांच्यापुढे पदर पसरला, की बाबा, सोड आता आम्हाला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "काकू, तुम्ही गेलात तर मी पोरका होईन. आणि पणजोबांचा नियम मी कसा मोडू?" गोड बोलून गळा कापणं म्हणतात ना, ते असं. शिव्या घालणारा मालक असता तर कधीच निघून गेलो असतो.

मागच्या वर्षी माझा खोकला सुरू झाला तो थांबेना. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, घराची चौकशी केली, आणि यांनाच सुनावलं, "यांना त्या ओलीतून हलवा. दोन हिवाळे आणखी काढलेत तर मग माझ्याकडे येऊ नका." लेकीनं तिच्या घरातली तळमजल्यावरची खोली रंगवून घेतली. पूर्वेला दोन मोठ्या खिडक्या. मला फोनवर म्हणाली, "आई, मी स्वयंपाकघरात लसणाची माळ टांगून ठेवलीय." मला इतकं रडू आलं! लसणाच्या माळेसाठी कोणी रडतं का? मी रडले.

थंडी सरत आली तशी मी यांना स्पष्ट सांगितलं, "यंदा सव्विसावं वर्ष. यंदा तुम्ही झाली म्हटलं नाहीत तर मी एकटी जाईन. तुम्ही बसा माझ्या सवतीपाशी." मला वाटलं, भांडतील. भांडले नाहीत.

त्या दिवशी खाली कोमट पाणी आणि कोरडा पाव घेऊन मी गेले. दरवर्षी ठेवून परत यायची, त्या दिवशी दारापाशीच उभी राहिले. म्हटलं, बघू तरी माझा निकाल कसा लागतो. यांनी ओतलं, रंग पाहिला, वास घेतला, तोंडात घोळवलं, थुंकलं. नेहमीपेक्षा जरा लवकरच थुंकलं. मग भांड्याकडे बघतच म्हणाले, "झाली."

अहो, मला ऐकू आलं तेच खरं वाटेना! धाकटे मालक उठून यांच्या गळ्यातच पडले. "काका! काका, शेवटी!" दोन पेले मागवले, एक स्वतःला, एक मला. "काकू, आज तुमचा मान पहिला." डोक्यात खिडक्या, ऊन, गाडीत सामान कसं चढवायचं, भांडी किती न्यायची. मी घोट घेतला.

सुरुवात सुंदर होती. सुरुवात गेली चार वर्षं सुंदरच आहे. मग मधे पोकळ. आणि शेवटी ते तुरटपण आलं, हिरड्या धरून बसलं आणि जाईना. गेल्या वर्षीपेक्षा कमी होतं, पण होतं. तीन वर्षांचं काम शिल्लक होतं, फार तर अडीच.

मी यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत नव्हते. छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हा माणूस माझी नजर चुकवत होता. कानशिलं लाल झाली होती. पेन हातात घेतलं होतं, आणि चोरी करताना पकडल्यासारखा हात आखडला होता. धाकटे मालक म्हणत होते, लेबलावर तुमचं नाव मोठं छापू, काका, जगभर जाईल. सहा हजार बाटल्या. ज्याला चव कळते असा पहिलाच माणूस घोट घेणार आणि म्हणणार, हा कोण मूर्ख ज्यानं ही तयार म्हटली?

मला राग आला. खरं सांगते, भयंकर राग आला. पंधरा वर्षं मुकाट, अकरा वर्षं रडून-भांडून मी हा एक शब्द मागितला. माणसानं तो दिला, तर तो असा दिला, की गिळताही येईना. गप्प बसायचं होतं फक्त. अर्धा मिनिट. सही झाली असती, आणि हे उरलेलं आयुष्य लेकीच्या उन्हात बसून आपली कानशिलं लाल करत राहिले असते.

"मालक," मी म्हटलं, "सही घेऊ नका."

"का हो काकू?"

"अजून तुरट आहे. तीन वर्षं ठेवा."

धाकट्या मालकांनी हसत यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, काकू थट्टा करताहेत. यांनी पेन खाली ठेवलं. ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि हा बासष्ट वर्षांचा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मी पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "पुरे. बूच लावा, मला खोकला येतोय."

धाकट्या मालकांनी हळूच विचारलं, "काकू, तुम्हाला हे कधीपासून कळतं?" मी बूच उचलून यांच्या हातात दिलं. मालकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

दुपारी लेकीचा फोन आला. पहिली घंटा पुरती वाजली नसेल तोच मी उचलला. तिला माझ्या आवाजावरूनच कळलं. इतकी संतापली! "परत नाही म्हणाले ना? आई, हा माणूस तुला त्या तळघरात मारणार आहे. त्यांना म्हणावं, तुमची जीभ सांभाळा, माझी आई मी घेऊन जाते. फोन दे त्यांना. दे म्हणते ना!"

हे समोरच बसले होते. पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवत होते.

"त्यांना काही बोलू नकोस गं," मी म्हटलं. "बाबा हो म्हणाले होते. नाही मी म्हणाले."