हात सुटतो तो भाग

मुलांनो,

गेल्या आठवड्यात तुम्ही दोघांनी मला माझाच व्हिडिओ पाठवलात आणि खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावलीत. त्यात मी हिरवं नऊवारी नेसून फुगडी घालते आहे, मग एकदम पोत्यासारखी बाजूला फेकली जाते, आणि मागे कुणीतरी जोडलेलं कार्टूनचं संगीत वाजतं. तो गेल्या श्रावणातला आहे. यंदाचा श्रावण जवळ आला तसा लोकांना तो पुन्हा आठवला आणि पुन्हा फिरायला लागला. हसलात म्हणून मी रागावलेली नाही. पण अर्धंच बघून हसलात, म्हणून आज हे लिहायला बसले.

आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीतच लिहिते आहे. मला जे सांगायचं आहे त्यासाठी तुमच्याकडे 'यक' एवढा एकच शब्द आहे. मला किळस, शिसारी, मळमळ आणि ओकारी हे सगळे लागणार आहेत. अडलं तर आईला विचारा. मात्र मधला भाग तिला मोठ्याने वाचून दाखवू नका. तो तिच्या आईबद्दल आहे.

तुमचे आजोबा गेल्यानंतर वर्षभराने मी मंगळागौरीच्या गटात जायला लागले. मंगळागौर म्हणजे श्रावणात नव्या नवरीकडे होणारी पूजा, आणि पूजेनंतर बायकांनी रात्र जागवून खेळायचे खेळ. पूर्वी हे खेळ घराघरांत व्हायचे. आता त्यांचे गट असतात, भाड्याच्या हॉलमध्ये तालमी असतात, स्पर्धाही असतात. मला तिथे ओढून नेलं ते तुमच्या नाशिक रोडच्या आजीनं. ती म्हणाली, "विहीणबाई, घरात बसून पुस्तकं चाळून अंगाला गंज चढंल. चला." आम्हा दोघींची फुगडीची जोडी ठरली. ती बुटकी आणि भक्कम, मी उंच आणि काटकुळी. बघणाऱ्यांना मजा वाटायची.

फुगडी तुम्ही फक्त पडद्यावर पाहिली आहे, म्हणून सांगते. हातांची कात्री करून एकमेकींचे हात धरायचे, पावलं पावलांना चिकटवायची, मागे झुकायचं आणि फिरायचं. वेग आला की स्वतःच्या पायावर तुम्ही उभ्याच नसता. तुमचा सगळा भार समोरचीच्या हातात असतो आणि तिचा तुमच्या.

आता तो व्हिडिओ पुन्हा लावा. या वेळी माझ्याकडे बघू नका. सगळे पडणाऱ्या बाईकडेच बघतात. तुम्ही डाव्या बाजूला बघा. आमच्या गटाच्या मुख्य बाई मोबाइल घेऊन पुढे आल्या होत्या आणि ओरडत होत्या, "इकडे बघा, इकडे! स्माइल!" डावीकडे नाशिक रोडची आजी आहे. ती मोबाइलकडे वळते, छान हसते, आणि उजवा हात सोडून टाटा करते.

भर वेगात.

गुडघ्यातून कोरं कापड टरकन फाडल्यासारखा आवाज आला, तो संगीतामुळे तुम्हाला ऐकू येत नाही. मी फरशीवर होते. ती माझ्यावर वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पाय घसरला हो विहीणबाईंचा! फरशी लय गुळगुळीत हाय." त्या दिवसापासून फरशी गुळगुळीत आहे असंच ठरलं. हॉलच्या माणसाला बोलावून कुणीतरी झापलंसुद्धा.

डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं की आतलं लिगामेंट अर्धं फाटलं आहे. ऑपरेशन नको, पट्टा बांधा, स्नायू कमवा. आधी गुडघ्यात सुई घालून साचलेलं पाणी काढलं. गढूळ, लालसर, वर तेलकट तवंग. अगदी कोकम सरबत. त्यानंतर मी कोकम सरबत घेतलेलं नाही, आणि कुणी माझ्यासमोर घेतलं तर मी उठून गॅलरीत जाते.

त्या पट्ट्याबद्दल काय सांगू! नाशिकच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात मांडीपासून पोटरीपर्यंत जाड काळं रबरी कापड. दुपारपर्यंत आतून आंबलेल्या डोशाच्या पिठासारखा वास यायला लागायचा. त्याच्या चिकटपट्टीत माझे केस, चादरीचे धागे, कुठूनतरी आलेला खोबऱ्याचा कीस असं सगळं अडकायचं. ते मी चिमट्याने उपटत बसायचे. काढला की खालची कातडी पांढरट, सुरकुतलेली, पाण्यात राहिलेल्या बटाट्यासारखी. आणि मांडी! दोन महिन्यांत उजवी मांडी गवारीच्या शेंगेसारखी झाली. मी आयुष्यभर स्वतःचं शरीर नीटनेटकं ठेवलं. तो पाय बघून मला दुसऱ्याच कुणाचं उष्टं ताट समोर आल्यासारखं व्हायचं.

फिजिओथेरपीची मुलगी चांगली होती. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "आजी, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय? जिने? भाजी आणणं?"

"फुगडी."

तिला वाटलं मी गंमत करते आहे. मग म्हणाली, "पाय रोवून शरीर फिरवणं, नेमकं तेच या लिगामेंटला चालत नाही."

"म्हणून तर तुमच्याकडे आलेय."

मला का हवी होती फुगडी, ते तुम्हाला कळायला हवं. आजोबा गेल्यापासून लोक मला भेटत ते आवाज खाली आणून. समोरच्या सोफ्याच्या कडेवर बसत, चहा नको म्हणत आणि लवकर उठत. सगळा भार बिनधास्त माझ्यावर टाकणारं माणूस त्या हॉलमध्येच मिळत होतं. ती जागा गेली असती तर मी पुन्हा सोफ्यासमोरची बाई झाले असते. मला त्याचीच धास्ती होती. गुडघ्याची मला एवढी नव्हती.

म्हणून मी तालीम सोडली नाही. पट्टा बांधून, रिक्षा करून हॉलवर जायची आणि खुर्चीत बसायची. खुर्चीत बसून सूप नाचवायचं, लाटणी फिरवायची, टाळ्यांची लय धरायची, श्वास पुरवून गाणं म्हणायचं. घरी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, पाण्याने भरलेली बाटली पायाला बांधून तो उचलायचा. हॉलच्या फरशीवर आदल्या रात्रीच्या वाढदिवसाच्या केकचं क्रीम अनवाणी पायांना लागायचं. फिनेल, क्रीम आणि घाम यांचा मिळून एक वास यायचा. गंगापूर रोडवरचे हॉल बाहेरून फार चकचकीत असतात.

आणि दर आठवड्याला नाशिक रोडची आजी बस बदलून माझ्याकडे यायची, डबा घेऊन. डब्यात लेप. आंबेहळद, रक्तबोळ, तुरटी, आणि ते कालवायला अंडं.

"अंडं?" मी पहिल्यांदा किंचाळलेच.

"नुसतं पांढरं. बलक नाय टाकला. बलकाची भुर्जी ह्यांना घातली."

"अहो, मी शाकाहारी आहे."

"तुम्ही आहात. गुडघा थोडाच हाय?"

फिजिओच्या मुलीने सांगितलं होतं की लेपाने लिगामेंट जुळत नाही, फार तर सूज उतरेल. मी ते नाशिक रोडच्या आजीला सांगितलं. तिने मान डोलावली आणि लेप लावला. तो वाळला की कातडी ओढायचा, त्याच्या पिवळ्या खपल्या चादरीवर पडायच्या. कच्च्या अंड्याचा तो ओलसर वास उशीत, पडद्यात, माझ्या पोळीत. एका सकाळी जाग आली तर पायावर मुंग्यांची रांग चढत होती. पलंगाच्या पायापासून थेट गुडघ्यापर्यंत. मी ओरडले नाही. ओरडून येणार कोण? लंगडत न्हाणीघरात गेले आणि अंगावर गरम पाणी ओतत राहिले.

पण मुलांनो, लेपाची किळस खरं तर सोसवते. मला शिसारी यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. ती माझ्या पायाशी बसायची, बोटांनी तो गिलावा थापायची, शेजाऱ्यांच्या सुनेबद्दल, कांद्याच्या भावाबद्दल, तुमच्या दातांच्या तारांबद्दल बोलायची. हाताबद्दल अवाक्षर नाही. मी वाट बघायची. दर वेळी वाटायचं, आज म्हणेल. ती डबा धुवायची, पदराला हात पुसायची आणि म्हणायची, "जरा जपून चालत जा विहीणबाई. तुम्हाला घाई फार." हे ऐकलं की लेपापेक्षा जास्त ढवळून यायचं. मी मुलाकडची, ती मुलीकडची, म्हणून लग्नापासून ती मला फार मान देत आली. ताटाभोवती रांगोळी, पहिला घास माझा. एवढा मान देणाऱ्या बाईला एक साधं वाक्य जड व्हावं? आणि मीही विचारलं नाही. विचारून मिळालेलं मला नको होतं.

पावसाळ्याच्या आधी पट्टा दिवसातून थोडा वेळच बांधायला लागला. मी खुर्ची सोडली आणि झिम्म्यात उभी राहिले. त्या दिवशी मुख्य बाईंनी तालीम थांबवली.

"यंदा फुगडीत आपण बदल करू या," त्या म्हणाल्या. "यांच्या जागी आपल्या नवीन सूनबाईंना घेऊ. यांना सूप द्या. बसून."

मी म्हटलं, "मला डॉक्टरांनी हळूहळू फिरायची परवानगी दिली आहे."

"डॉक्टरांचं नाही हो." त्यांनी आवाज खाली आणला. तोच तो सोफ्याच्या कडेवरचा आवाज. "वाईट वाटून घेऊ नका. आम्ही काही मागासलेले नाही, म्हणून तर तुम्हाला घेतलं. पण लोक बोलतात. देवीचा खेळ आहे, सवाष्णींचा. गेल्या वर्षी झालं ते कदाचित त्यामुळेच. देवीलाच नको असेल."

ज्या बाईनं माझ्या पडण्याला संगीत जोडून ते गावभर वाटलं, ती हे बोलत होती. माझ्या तोंडात कडू पाणी आलं, ओकारीच्या आधी येतं तसं. मला उत्तर सुचत होतं, चांगल्या इंग्रजीत सुचत होतं, पण तोंड उघडलं तर दुसरंच काही बाहेर पडेल असं वाटलं.

तेवढ्यात मागून नाशिक रोडच्या आजीचा आवाज आला. "देवीला कशाला मधी घेता? देवी नव्हती तिथं. मी होते."

"तुम्ही जरा..."

"हात मी सोडला. तुमच्या मोबाइलला टाटा कराया. डाव्या अंगाला बघा की, समदं दिसतंय. गाणं लावून वाटला ना व्हिडिओ? तेव्हा नाय बघितलं? का देवी दिसली त्यात तुम्हाला?"

एक बाई फिस्सकन हसली आणि लगेच खोकली.

"माझा तसा अर्थ नव्हता," मुख्य बाई म्हणाल्या.

"तसाच होता." मग ती माझ्याकडे वळली, चिडलेलीच. "आन् तुम्ही बी! इतके दिवस गप! बोलायचं ना तोंडानं."

"तुम्ही बोलायचं होतं," मी म्हटलं.

"मग उगाच आणत होते का अंडी?"

हे माफी मागणं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसरीला झापता झापता ते वाक्य बाहेर पडलं, माझ्या वाट्याला आलं ते तिरकं. पण सगळ्यांसमोर आलं. फरशीवरचा आरोप त्या दिवशी सुटला.

तिने पदर खोचला आणि हातांची कात्री पुढे केली. "या."

मी लगेच गेले नाही. पट्टा घट्ट केला, पावलं चिकटवली नाहीत, मोकळी ठेवली, कारण फिजिओच्या मुलीनं तसंच शिकवलं होतं. मग हात दिले. ती सकाळीच माझ्याकडे येऊन मला लेप लावून गेली होती. हात धुतले असतील, पण अंड्याचा वास धुऊन जात नाही. तिच्या तळव्यातून तो माझ्या तळव्यात आला आणि मला खरोखर उमासा आला. आम्ही जात्याच्या वेगाने फिरलो, मागे न झुकता. कुणीतरी सवयीने मोबाइल वर काढला. तिने तिकडे पाहिलं नाही. माझी बोटं दुखेपर्यंत तिने आवळली होती.

मुख्य बाई अजून मुख्य आहेत. त्यांनी व्हिडिओ स्वतःकडचा काढून टाकला म्हणे. तरी तो फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलाच. मला त्यांच्याकडे बघून अजून मळमळतं आणि ते जावं असं मला वाटत नाही. लेपही मी बंद केलेला नाही, कारण नाशिक रोडच्या आजीला दुसरं काही आणता येत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी स्पर्धेला उतरतो आहोत. फुगडी सावकाश असेल. गुडघ्यातलं अर्धं लिगामेंट शाबूत आहे, आणि जोडीतली माझी जागाही.