चमच्या चोचीचा साक्षीदार

सांडपाणी केंद्रातल्या पंपचालकाला सगळे बगळोबा म्हणत. पंप सुरू केला, की हा गडी दुर्बीण लावून तळ्याच्या काठी तासन्‌तास निश्चल उभा. बावीस वर्षं दुर्गंधी झेलत त्याने एकशे चाळीस जातींचे पक्षी वहीत उतरवले होते. बायको म्हणायची, एवढ्या वेळात माणूस डॉक्टर झाला असता. त्याला मात्र एकच आस होती, पक्षिमंडळाच्या यादीत एका तरी पक्ष्यापुढे आपलं नाव लागावं.

आणि मंगळवारी सकाळी गाळाच्या तळ्यात तो दिसला. जेमतेम चिमणीएवढा, आणि चोचीच्या टोकाला चक्क चमचा! पुस्तकातल्या नकाशात याची वाट समुद्रापल्याडच्या किनाऱ्याने जात होती. इथे यायचं त्याला काहीच कारण नव्हतं. बगळोबाने घाईघाईने फोन काढला. फोटोशिवाय मंडळ नोंद घेत नाही, आणि त्याच्या फोनमध्ये पक्षी म्हणजे नुसता ठिपका. मोठा कॅमेरा होता साडूकडे. साडू शाळामास्तर, बगळोबाच्याच नादाने पक्षी बघायला लागलेला. फोन गेल्यावर तो तासाभरात हजर झाला, फोटो काढले आणि बगळोबाला कडकडून मिठी मारली.

"भाऊ, नशीब काढलंत! अर्ज मी भरतो, तुम्ही निश्चिंत राहा."

बगळोबा खरंच निश्चिंत राहिला, भोळा सांब.

शुक्रवारी साडू कागद घेऊन पंपघरात आला. 'प्रथम पाहणारा' या रकान्यात साडूचंच नाव होतं.

"अहो मास्तर, हे काय?"

"फोटो माझा आहे ना, भाऊ. मंडळात तसंच धरतात. तुमचंही नाव आहे की, हे बघा, साक्षीदार म्हणून. सही तेवढी करा. दोन सह्या नसल्या तर नोंद बाद होते."

बगळोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसाने गळा कापला होता, आणि तोही घरच्या माणसाने. कागद फाडायला कितीसा वेळ लागला असता? पण मग तो पक्षी इथे आलाच नव्हता, असं ठरलं असतं. बुधवारीच तो उडून गेला होता, आणि या दोघांखेरीज कुणी त्याला पाहिलंही नव्हतं. एवढ्या लांब वाट चुकून आलेला जीव, त्याला खोटा कसा पाडायचा?

त्याने सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

साडूने कागदाची घडी खिशात घातली आणि पाठीवर थाप मारली. "पुढच्या वेळी असं काही दिसलं, की पहिला फोन मलाच हं!"

"तुम्हालाच," बगळोबा म्हणाला. साडूशी तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि जीभ जराही अडखळली नाही.