टांग्विस्टल म्हणजे ओलीस

टांग्विस्टलला आम्ही शेजारी टांगीच म्हणायचो. ओढ्याच्या अलीकडे तिच्या बापाचं, इथेलचं, मेंढ्यांचं शेत आणि पलीकडे त्याचा सख्खा भाऊ इडवल. डोंगरावरच्या चराईवरून दोघं एकमेकांवर कुत्री सोडायचे. पोर जन्मली तेव्हा चॅपेलच्या पाद्र्याने मध्ये पडून समेट घडवला आणि हे जुन्या काळातलं नाव सुचवलं. भाऊ पुन्हा एका बाकावर बसून स्तोत्रं म्हणू लागले.

इडवलला मूलबाळ नव्हतं. त्याची बायको अंथरुणाला खिळली तेव्हा इथेलने टांगीला तिकडे धाडलं. जेमतेम नऊ वर्षांची होती. लोकर कातरून होईपर्यंतच, असं ठरलं होतं. पुढे काकू गेली, तरी टांगी तिथेच. बापाकडे यायची ती रविवारी, चहापुरती.

"बाबा, आता मी इकडेच राहते."

"आणि इडवलनं चराईला परत कुंपण घातलं तर? तू तिथं आहेस म्हणून तो गप्प आहे."

पाटीच्या दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या इफानने तिला मागणी घातली. इडवल म्हणाला, "तिच्या बापाला विचार." इथेल म्हणाला, "ती माझ्याकडे असते कुठं? इडवलला विचार." इफानने थोडे हेलपाटे घातले, मग दक्षिणेला कोळशाच्या खाणीत गेला आणि तिकडेच संसार थाटला.

त्यानंतर एकदा टांगीने पाद्र्याला नावाचा अर्थ विचारला. मी तिथेच चॅपेलमध्ये फुलं सजवत होते.

"टांग म्हणजे शांतता, तह," म्हातारा म्हणाला. "ग्विस्टल म्हणजे तारण. पूर्वी राजे तह करताना आपलं मूल दुसऱ्याच्या घरी ठेवत."

"म्हणजे ओलीस."

"मला तर ते नाव गोड वाटलं, पोरी."

"वाटणारच. तुम्हाला कुठं कुणी धाडलं होतं?"

दोघे भाऊ एकाच हिवाळ्यात गेले. दोन्ही शेतं तिच्या धाकट्या भावाला, सुलिएनला मिळाली. "ताई, तुझी खोली आहेच," तो म्हणाला. "पोरांकडे बघायला कुणीतरी लागतंच."

तिने कोट चढवला आणि बाला गावात एका हॉटेलात भांडी घासायला लागली. शेताकडे पुन्हा फिरकली नाही. तिथेच, भाड्याच्या खोलीत वारली.

सुलिएनने तिला इथेल आणि इडवलच्या मधोमध पुरलं. "अरे, निदान आईशेजारी तरी ठेवायचीस," मी म्हटलं.

"जागा तीच मोकळी होती," तो म्हणाला.