इंदूमावशीचा हात थरथरत नव्हता

इंदूमावशी गेल्याचा फोन तिच्या सुनेने, रंजनाने केला, तेव्हा मी खालापूरच्या शेडवर मशीनवर बसले होते. "ताई, आई गेल्या," एवढंच ती बोलली. आम्ही इथे रसायनीकडच्या कारखान्यांतल्या कामगारांचे गणवेश शिवतो. मावशीनेही याच शेडवर वर्षानुवर्षं शिवले. मी हातातली बाही तशीच सोडली आणि भिसेगावला, तिच्या घरी निघाले...

आमच्याकडे दहाव्याला नदीवर भाषणं होतात. माईक असतो, एकेक जण उठतो आणि गेलेलं माणूस किती मनमिळाऊ होतं ते सांगतो. सांगू देत बापडे. पण आमच्या शेडचे साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "शेवटी शेवटी मावशींचे हात थरथरायचे, तरी आम्ही त्यांना सांभाळून घेतलं." सांभाळून घेतलं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरीही मी खाली मान घालून बसून राहिले, आणि त्याचा मला साहेबांवरच्या रागापेक्षा जास्त राग आहे.

मावशी नात्याने माझी कोणी नव्हे, शेजारीण. मला शेडवर तिनेच नेलं, मशीन तिनेच शिकवलं. मी कापड ओढायला लागले की म्हणायची, "ओढू नको गं, त्याला चालता येतंय. तू नुसती वाट दाखव." तिची शिवण बघून कोणी फूटपट्टी ठेवली असेल असं वाटायचं. अशा बाईचा हात थरथरतो म्हणे!

झालं होतं ते असं. शेडवर दुसऱ्याच कंपनीच्या धाग्याची रिळं आली. त्यांचं भोक मोठं. मशीनवरच्या खुंटीत ती घातली की डुगडुगायची. रीळ हललं की धाग्याला हिसका बसतो, टाका सुटतो, धागा तटकन तुटतो. मावशीच्या मशीनची खुंटी तर झिजून बारीक झालेली, त्यामुळे तिचा धागा सगळ्यांत जास्त तुटायचा. मशीनला आम्ही हात लावायचा नाही, मेकॅनिक लावेल, असा नियम. आणि मेकॅनिकचा पत्ता नाही. शेवटी तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "सायेब, रीळ हलतंय वो."

"रीळ नाही मावशी, तुमचा हात हलतोय. वय झालं आता."

अख्खी शेड हसली. आठवड्याच्या आत तिला मशीनवरून उठवून शिवलेल्या कपड्यांचे सुटे धागे कापायला बसवलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लवकर परतले, तर मावशी आपल्या मशीनशी वाकलेली. नवऱ्याच्या जुन्या कानटोपीतून तिने एक गोल चकती कापून आणली होती, ती रिळाखाली घातली. रिकाम्या पेनाची नळी कापून खुंटीवर चढवली. रीळ बसवून बोटाने हलवून बघितलं... जागचं हललं नाही.

"आता कशाला गं करतेस हे?" मी चिडून विचारलं.

"उद्या इथं ती नवी पोर, वैशाली बसनार हाय. तिला नको बोलनी."

"मी साहेबांना सांगते."

"गप बस. नियम मोडला म्हनून तुझं बी मशीन जाईल."

मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी वैशालीचा धागा एकदाही तुटला नाही आणि साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, हात बदलला की काम कसं होतं!" मावशी कोपऱ्यात धागे कापत होती. थोड्याच दिवसांत तिने यायचं सोडलं. काय बाई होती! आणि काय माणसं आम्ही!

पुढे मी घरी गेले की ती चहाचा कप खाली ठेवून दोन्ही हात माझ्यासमोर धरायची. "बघ गं, हलतात का?" मी म्हणायचे, "नाय गं मावशी." तिचा विश्वास बसायचा नाही. शेवटच्या भेटीतही तिने अंथरुणातून हात बाहेर काढले होते. ज्या बाईने स्वतः रीळ धरून दोष शोधला, तिलाच आपल्या हातांचा भरवसा राहिला नव्हता, याला काय म्हणायचं?

दहावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी साहेबांना वैशालीच्या मशीनपाशी बोलावलं. रीळ काढलं, नळी आणि चकती काढून त्यांच्या हातात दिली, रीळ परत नुसतंच लावलं. "वैशाली, शिव." वीतभर शिवण झाली नाही तोच धागा तुटला. तिने ओवला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदाही तुटला. शेडवरची सगळी मशीनं थांबली होती.

"साहेब, हिचा पण हात थरथरतो का?"

त्यांनी डुगडुगणारं रीळ बोटाने हलवून बघितलं. मग म्हणाले, "अहो, मग हे तेव्हाच सांगायचं ना!"

"मावशीने सांगितलं होतं," मी म्हणाले. "तेव्हा तुम्ही हसलात. आणि तुमच्याबरोबर मी पण हसले."