पोरीची नक्कल

एका दमात चार कामं सांगायची माझी जुनी सवय. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या शाळेत तिसरीतली एक मुलगी पहिलं काम करायची आणि पुढचं विसरून नुसती उभी राहायची. मी पडलो नाटकातला माणूस. तिच्यासारखे डोळे फिरवून मी वर्गाला पोट धरून हसायला लावलं. तीही हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली.

आठवड्याने मी तिच्या घरी गेलो. आई अंगणात मोहफुलं वाळवत होती.

"या गुरुजी. लेकीची नक्कल लय छान करता म्हनते. मले बी दाखवा."

तेवढ्यात शेजारी बसलेली पोरगीच उठली आणि मी वर्गात डोळे कसे फिरवले, त्याची नक्कल तिनं हुबेहूब करून दाखवली. दाद द्यायला माझे हात वर आले, ते तसेच खाली घेतले.

आई हसली नाही. "ही पोटात होती तवा मी मोहाची दारू पेत होती. पेऊ नये, हे मले कोनी सांगतलं नाई. त्याच्यानंच हिच्या ध्यानात राह्यत नाई, असं गडचिरोलीचे डॉक्टर म्हनते. हसाचं असन तं मले हसा."

मी खालमानेनं विचारलं, "शिकवायचं कसं, ते सांगितलं का त्यांनी?"

"एका वेळी एकच काम सांगा म्हनते. तेवढं तुमाले जमत असन, तं उद्या धाडीन."