तिरपी करून मारलेली किक

स्कूटरच्या कारखान्यात लाईनीच्या शेवटाला माझं काम होतं. नवी गाडी पहिल्यांदा चालू करून बघायची. अडली, तर जरा तिरपी करायची, पेट्रोल उतरू द्यायचं, मग किक. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाच्या पायानं गाडीत जीव येतो, असं मी मानायचो. अजूनबी मानतो. तेव्हा नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं गाडीची वाट बघायचे. लगीन आधी व्हायचं, गाडी मागून यायची. गावाकडं गेलो की नसलेल्या ओळखी निघायच्या.

मग सरकारनं परवान्याचं कुलूप काढलं. कोणीबी, कितीबी गाड्या बनवाव्यात. दुकानात जपानी धाटणीच्या मोटारसायकली आल्या, ज्याला पाहिजे त्यानं त्याच दिवशी न्यावी. आमच्या स्कूटरी आवारात उन्हात उभ्या. कंपनी मोठी, पण रडत नाय बसली. शेजारीच मोटारसायकलची लाईन टाकली, लई माणसांचं काम एकटं करणारी यंत्रं आणली, अन् आम्हा जुन्यांना सांगितलं, नवं शिका, नायतर राजीखुशीनं घरी जा.

शिकायच्या पहिल्याच दिवशी मोटारसायकल अडली. मी सवयीनं तिरपी केली. ते धूड सरळ माझ्या अंगावर आलं. सगळी लाईन हसली.

उचलायला जोडीदार धावला. लाईनीवर कैक वर्षं माझ्या शेजारी काम केलेला. विद्यापीठाच्या नामांतराच्या तणावात आम्ही शिफ्टवरून एकमेकाला सांभाळत संगंच यायचो; त्याच्या वस्तीत तो पुढं, माझ्या गल्लीत मी पुढं. म्हणाला, "या वयात मिठी मारायला हीच सापडली व्हय रं?"

घरी येऊन बायकोला सांगितलं, "उद्यापासनं जात नाय. राजीनामा देतो."

ती भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणाली, "माझ्या बापानं मेंढरं इकून म्हशी घेतल्या. पहिल्या दिवशी मेंढरागत हाळी दिली. म्हैस कानबी हलवंना. मंग काय केलं आसंल?"

"काय?"

"हाळी बदलली. अन् तुमच्याहून हट्टी होता तो."

सकाळी डबा भरून ठेवलेला होता. गुमान उचलला. लाईनीवर जोडीदार एवढंच बोलला, "सरळ उभी ठेव." ठेवली. पहिल्या किकेत बोलली. पुढं त्याच लाईनीवरून रिटायर झालो.

आवारातली एक स्कूटर मात्र मी विकत घेऊन घरी आणली. ती अजून अडते. अडली की बायको न सांगता मागून उतरते, पदर सावरून बाजूला उभी राहते, अन् मी गाडी तिरपी करतो.